अपू त्रयीची डिस्क ‘दाणेदार’ का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा ५५ इंची टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर घेतला. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा (‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’) रिस्टोअर केलेला, म्हणजे जुन्या रिळांवरून दुरुस्त करून नव्यानं काढलेला संच परदेशातून मागवला. महिन्यातून एकदा चार घरची माणसं जमून जुना सिनेमा बघता, मग चहा आणि गप्पा. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी निघाल्या. एकजण म्हणाला चित्र दाणेदार आहे, यूट्यूबवर याहून साफ दिसतं. दुसऱ्याच्या मते एक शॉट लख्ख आणि पुढचा धुरकट, म्हणजे काम अर्धवट सोडलंय. तिसऱ्यानं दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघवेनात म्हणून रिमोट घेतला आणि सरळ झूम केलं. डिस्क सदोष आहे का, टीव्ही कसा लावावा, आणि अशा सिनेमावर ‘काय सुंदर!’च्या पलीकडे बोलायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

डिस्क ठणठणीत आहे. गडबड टीव्हीत आहे, आणि थोडी अपेक्षेत. दाण्याची तक्रार करणाऱ्या मित्राची नजर चांगली आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघालाय. मी मुंबईत जुन्या फिल्म स्कॅन करण्याचं आणि त्यांच्या ग्रेडिंगचं, म्हणजे शॉटचा उजेड आणि रंग जुळवण्याचं काम करतो, त्यामुळे माझी गाडी रिळापासूनच सुटते. ते चालवून घ्या.

रिस्टोअर केलेला कुठलाही सिनेमा बघताना पहिला प्रश्न एकच: हे आलंय कशातून? फोर के आहे का, एचडीआर आहे का, खोक्यावर काय छापलंय, हे सगळं नंतर. कॅमेऱ्यातून गेलेली मूळ निगेटिव्ह असेल तर सगळ्यात उत्तम. तिच्यावरून काढलेला फाइन-ग्रेन मास्टर ही पुढची पिढी, त्यावरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह ही त्यापुढची आणि थिएटरात फिरून आलेली प्रिंट सगळ्यात शेवटची. प्रत्येक पिढीत नव्या फिल्मचा दाणा जुन्या दाण्यावर बसतो, सावलीतला तपशील बुडतो आणि पांढरा भाग फटफटीत होत जातो. स्कॅनर फोर केचा असो की आठ केचा, जे फिल्मवर उरलेलंच नाही ते तो आणणार कुठून?

अपू त्रयीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. राय यांना १९९२ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी ते गेले. त्यानंतर जतनाच्या कामासाठी मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन्स लॅबमध्ये गेल्या आणि जुलै १९९३ मध्ये तिथं नायट्रेट फिल्मनं (जुनी, चटकन पेटणारी फिल्म) पेट घेतला. जळकी, आकसलेली, एकमेकांना चिकटलेली रिळं लॉस एंजेलिसच्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हनं टाकून न देता ठेवून दिली. त्यांचं काही करता येईल असं तंत्र तेव्हा हातात नव्हतं. फेकली नाहीत, हाच मोठेपणा. वीसेक वर्षांनी क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीनं काम हाती घेतलं आणि ती रिळं इटलीत बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या लॅबमध्ये पोहोचली. ठिसूळ झालेली फिल्म द्रावणात ठेवून पुन्हा लवचिक केली, जुन्या जोडपट्ट्यांचा गोंद आणि वितळलेलं मेण काढलं, कडेची तुटलेली छिद्रं हातानं पुन्हा बांधली. नुसत्या या हातकामाला जवळपास हजार तास लागले. एवढं करून ‘पथेर पांचाली’चा (१९५५) सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा (१९५६) ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला. ‘अपूर संसार’च्या (१९५९) निगेटिव्हचं जे उरलं होतं ते कामाचं नव्हतं. बाकी सगळं निरनिराळ्या संग्रहांतल्या फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हमधून भरून काढलं. नव्या प्रती मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पहिल्यांदा दाखवल्या आणि त्याच वर्षी डिस्क आल्या.

म्हणजे एक शॉट लख्ख आणि पुढचा धुरकट दिसतो तेव्हा दोन वेगवेगळ्या पिढ्यांची फिल्म शेजारी शेजारी लावलेली असण्याची शक्यता दांडगी. त्यात कामचुकारपणा नाही, त्या आगीचा हिशेब आहे. लख्ख शॉटला मुद्दाम थोडं मऊ करून दोन्ही एकसारखे करता आले असते. ते केलं नाही, आणि माझ्या मते तेच योग्य. आणखी एक बघा: डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरघळून दुसरं येतं तिथं, चित्र किंचित आधीपासून मऊ पडतं आणि नवं दृश्य स्थिरावल्यावर पुन्हा धारदार होतं. त्या काळी डिझॉल्व्ह ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा छापून करत, म्हणून तेवढ्या तुकड्याची एक पिढी वाढलेली असते. हे त्या काळच्या जवळपास सगळ्याच सिनेमांत दिसेल, आगीशी त्याचा संबंध नाही.

आता दाणा. कृष्णधवल फिल्मवर चित्र म्हणून जे काही असतं ते चांदीचे बारीक कण असतात. कणांच्या मागं वेगळं ‘स्वच्छ’ चित्र दडलेलं नसतं, की दाणा पुसला आणि ते बाहेर आलं. कणांची गर्दी कुठं दाट, कुठं विरळ, त्यातूनच चेहरा घडतो. दाणा पुसायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे असतं आणि धूळ-ओरखड्यांसाठी थोडं-थोडं सगळेच वापरतात. पण ते जोरात चालवलं की कातडी मेणाची होते. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओही यात अडकलेत. ‘पॅटन’ची २००८ ची ब्लू-रे याच मेणकटपणासाठी इतकी गाजली की २०१२ मध्ये नवी काढावी लागली, आणि तो तर ६५ मिलिमीटरवर चित्रित झालेला सिनेमा, म्हणजे मुळात दाणा कमीच.

यूट्यूबवर ‘साफ’ दिसतं त्याचं कारण आणखी साधं आहे. व्हिडिओ दाबून लहान करताना कॉम्प्युटर आधीच्या फ्रेमवरून पुढची फ्रेम ओळखतो आणि फक्त फरक साठवतो. दाणा मात्र दर फ्रेमला नव्यानं पडतो, सेकंदाला २४ वेळा, आणि कुठं पडेल याचा नेम नाही. ओळखता येत नाही, साठवायला जागा नाही, म्हणून तो सपाट केला जातो. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, स्ट्रीमिंगला सहसा त्याच्या कितीतरी कमी. दाण्याबरोबर काय जातं ते बघायचं असेल तर ‘पथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनचा एखादा क्लोजअप दोन्हीकडे लावा. ती भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. डिस्कवर सुरकुत्यांच्या आत सुरकुत्या आहेत, अंगावरच्या जुनेराचा विरलेला धागा दिसतो. म्हातारी मान हलवते तरी ते सगळं तसंच राहतं. हलक्या स्ट्रीमवर ती स्थिर असेपर्यंत सुरकुत्या दिसतात, हलली की गाल गुळगुळीत, थांबली की सुरकुत्या परत. एकदा हे डोळ्यांना कळलं की पुन्हा दुर्लक्ष करता येत नाही, याची आधीच कल्पना देऊन ठेवतो.

टीव्हीकडे येऊ. दुकानातून आलेला टीव्ही शोरूमच्या दिव्यांत उठून दिसावा म्हणून लावलेला असतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, निम्मं काम झालं. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि दिग्दर्शकांनी मिळून तो ठरवला आणि बहुतेक नव्या मॉडेलांत असतो. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी अशा नावांखाली ती लपलेली असते. ती २४ फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनानं फ्रेम बनवून घालते आणि अपू आणि त्याची बहीण दुर्गा काश गवताच्या रानातून धावतात तो प्रसंग दूरदर्शनच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ‘नॉइज रिडक्शन’ नावाचं जे जे सापडेल ते बंद. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्य किंवा अगदी खाली. सोनीवर मात्र मधला ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथं शून्यावर आणलंत तर चित्र उगीच मऊ होईल. रंगाचं तापमान ‘वॉर्म’. कृष्णधवल चित्र पहिली पाच मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. उलट ‘कूल’वर राखाडीत निळसर झाक येते, ती चांदीच्या प्रिंटला कधीच नसते.

कॉन्ट्रास्टवर थोडं थांबतो, कारण ‘अपराजितो’त त्याचा थेट संबंध कथेशी आहे. काशीतलं अपूच्या वडिलांचं, हरिहरचं घर खरं नाही, कलकत्त्याच्या स्टुडिओत कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट आहे. काशीच्या जुन्या वाड्यांत उजेड वरून, चौकातून येतो, पसरट आणि सावली न पाडणारा. स्टुडिओतले दिवे नेमकं उलटं करतात. म्हणून छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारून परतलेला प्रकाश वापरला. आज बाउन्स लाइट शिकाऊ पोरालाही माहीत असतो, तेव्हा तो नवा होता. ‘व्हिव्हिड’ मोडवर हा सगळा खटाटोप वाया जातो. भिंतींवरच्या राखाडीच्या छटा आपटून काळ्या-पांढऱ्या होतात आणि सेट सेटसारखा दिसतो. तुमच्या मंडळींना पटवायचं असेल तर याच दृश्यांवर दोन मोड आलटून पालटून दाखवा. व्याख्यान द्यावं लागणार नाही.

आणि काळ्या पट्ट्या. चित्राची चौकट १.३७ ला १ आहे, टीव्ही १.७८ ला १. झूम केलंत की वरखालून मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं. आपल्याकडे हा रोग जुना आहे. एका मराठी अभिजात चित्रपटाची डीव्हीडी माझ्याकडे आहे, तिच्यात अभंग गाणाऱ्या संतांचं कपाळ गायब, खाली टाळ गायब, आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का मात्र तीन तास ठळक. पट्ट्यांची सवय होते. खोलीतला मागचा दिवा बारीक ठेवला तर लवकर होते.

आवाजाचंही असंच. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजावर, मंद खरखर असणारच. ती पूर्ण शांत केलेली ऐकू आली तर मला आधी शंका येते, कारण खरखर आणि उंच स्वर एकाच पट्टीत राहतात. हरिहर परत येतो, दुर्गा गेल्याचं कळतं आणि त्याची बायको सर्वजया फुटते. तिथं राय यांनी रडणं काढून त्याजागी तारशहनाई या तंतुवाद्याचा चिरकणारा स्वर ठेवलाय. खरखर ओरबाडून काढणाऱ्या प्रतीत त्या स्वराची धार बोथट होते. टीव्हीच्या पाठीमागच्या चिमुकल्या स्पीकरवर तर तो ऐकूच नका. एक साधा बरा स्पीकर समोर, मध्यभागी ठेवा. मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकच्या आवाजाच्या सिनेमाला पाच स्पीकर लागत नाहीत आणि खोटा ‘सराउंड’ही नको.

बोलायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. माझा सल्ला: सिनेमा आणि प्रत यांच्या गप्पा वेगळ्या ठेवा. पहिल्यांदा सिनेमावरच बोला, प्रतीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सर ‘पथेर पांचाली’ शॉट-दर-शॉट शिकवायचे तेव्हा समोरच्या प्रिंट काही लख्ख नव्हत्या, तरी त्या वर्गांतून एक पिढी सिनेमा बघायला शिकली. प्रतीच्या गप्पा नंतर, वेगळ्या वेळी, एखादं वीस मिनिटांचं रीळ पुन्हा लावून. संचातली पुस्तिका एकानं आधी वाचून यावी. कुठलं मटेरियल वापरलं, ग्रेडिंग कुणाच्या देखरेखीखाली झालं, एवढं त्यात सहसा असतं. जिथं काहीच लिहिलेलं नाही आणि खोक्यावर नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ आहे, तिथं संशय घ्यायला हरकत नाही.

आणि मोबाइलवर स्थिरचित्रं काढून ‘हे बघ, ते बघ’ करू नका. दाणा हलतो तेव्हा डोळा त्याची सरासरी काढतो, थांबवलेल्या फ्रेममध्ये तो नुसता कचरा दिसतो. इंटरनेटवरची निम्मी भांडणं या स्थिरचित्रांवरच चालतात.

वाद मात्र घाला, वादाला विषय भरपूर आहेत. मूळ रंग कोणता, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ ची ब्लू-रे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतः बसून केली आणि रंग उडवून फिके, पेस्टलसारखे केले. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी त्यावर उघड टीका केली. २०१२ मध्ये पुन्हा नवी प्रत निघाली ती रॉइझमन यांच्या सहभागानं. दिग्दर्शक हयात असला म्हणजे त्याची आठवण निर्दोष, असं नाही. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी २०२१ च्या संचात स्वतःच्या जुन्या सिनेमांचे रंग बदलले, ‘फॉलन एंजल्स’ची चौकटच रुंद केली. त्यांच्या सिनेमांवर माझा जीव आहे, पण मी जुन्या डीव्हीडी सांभाळून ठेवल्या आहेत. तो नवा सिनेमा आहे, त्यानं जुन्याची जागा घेऊ नये.

आपल्याकडचा सगळ्यात चांगला वादाचा विषय ‘मुगल-ए-आझम’. १९६० चा मूळ सिनेमा बहुतांश कृष्णधवल आणि शीशमहल येतो तेव्हा एकदम रंगीत. २००४ मध्ये सगळाच रंगवला, तरुण पोरं थिएटरात गेली, त्याचा आनंदच आहे. पण पहिल्या मिनिटापासून रंग असल्यावर शीशमहलचा धक्का उरतो कुठं? रंगवणं हा वेगळा उद्योग आहे, त्याला रिस्टोरेशन म्हणू नये एवढंच माझं म्हणणं. उलट टोकाला ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा जर्मन मूकपट. बुएनोस आयरेसमध्ये २००८ साली १६ मिलिमीटरची एक ओरखड्यांनी भरलेली प्रत सापडली आणि हरवलेला जवळपास पंचवीस मिनिटांचा भाग परत आला. २०१० च्या प्रतीत ते तुकडे जमेल तेवढे साफ करून तसेच जोडले आहेत, चौकटही वेगळी पडते. कुठलं कुठून आलं ते प्रेक्षकाला लपून राहत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

भारतीय कामांपैकी ‘मंथन’ (१९७६) जरूर बघा. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो श्याम बेनेगल आणि गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली रिस्टोअर केला आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली निगेटिव्ह फिकी पडलेली होती, आवाज प्रिंटवरून घ्यावा लागला. ‘शोले’चीही नवी प्रत जून २०२५ मध्ये बोलोन्यात दाखवली, त्यात ठाकूर गब्बरला मारतो तो मूळचा शेवट आहे. मूकपटाची हौस असेल तर २०२४ च्या इफ्फीत (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीला फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) थेट संगीताच्या साथीनं झाला तसा योग शोधा. मूकपट सहसा सेकंदाला २४ हून कमी फ्रेमनं चित्रित होत. घरी चुकीच्या वेगाच्या प्रतीत सगळे टुणटुण उड्या मारतात आणि लोकांना वाटतं, तेव्हाचा अभिनयच तसा.

मराठीचं दुखणं मोठं आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, पण अपू त्रयीसारखा पुस्तिकेसह, मटेरियलचा हिशेब देणारा संच आपल्या कपाटात नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, तिच्यात प्रभातच्याही फिल्म गेल्या. त्यामुळे अशा सिनेमांच्या बाबतीत आपण पुढच्या पिढ्यांच्या प्रतींवर अवलंबून आहोत, आणि त्यांतूनही चांगलं काम होऊ शकतं हे ‘अपूर संसार’ दाखवतोच. तुमच्या बैठकीत एखादा महिना यासाठी ठेवा: जी मिळेल ती प्रत लावा आणि ती कशातून आली असेल ते ओळखा. उजव्या कोपऱ्यात वर रीळ संपताना गोल ठिपका चमकून गेला, तर बहुधा थिएटरातली प्रिंट. ठिपका दोनदा येतो, रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी एकदा आणि एक सेकंद आधी पुन्हा. प्रोजेक्टरवाल्यासाठीची ती खूण. काळे ओरखडे उभे, सलग आणि रिळाच्या टोकांना जास्त असतील तरी तेच.

खरेदीबद्दल शेवटचं. तुमची अमेरिकन डिस्क चालली म्हणजे प्लेअर मल्टिरीजन (सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा) आहे, कारण ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’ आहे. दुसऱ्या कुणाला सल्ला देताना हे आधी विचारा. फोर के अल्ट्रा एचडी डिस्कना ही अडचण नाही, पण त्यांच्या संचात सोबत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला असू शकते. ‘पाल’ (PAL) या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडी २४ ऐवजी २५ फ्रेमनं धावतात, दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधी संपतो आणि गाणी किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतात. संगीताचा कान असलेलं कुणी तुमच्यात असेल तर त्याला लगेच खटकेल. तरी त्या डीव्हीडी रद्दीत देऊ नका. नव्या प्रतीत रंग बदलले, चौकट बदलली की तुलनेला हातात काहीतरी जुनं लागतं.